सुई जागेवर आली, असं वसंत म्हणाला

वसंत गहाणे गेला, ही बातमी मला ज्या माणसाने दिली त्याच्या तोंडून आजवर एकही बातमी खरी निघालेली नव्हती. आमच्या कोपऱ्यावरचा पानठेलेवाला. एका माजी मंत्र्याला त्याने दोनदा मारलेलं आहे आणि आमच्या गल्लीत चोवीस तास नळाचं पाणी तो दर दिवाळीला आणतो. त्यामुळे पानाला चुना लावता लावता, "गुरुजी, तुमचे ते सूर्यवाले सर गेले म्हणते," असं तो म्हणाला तेव्हा मी त्याला सुपारी बारीक कर म्हटलं आणि पान घेऊन घरी आलो. कुलूप काढत होतो तेव्हाच आत फोन वाजत होता. वसंताची मुलगी, सुनंदा. "काका..." एवढंच म्हणाली आणि थांबली. पानठेलेवाला आयुष्यात एकदा खरं बोलला होता, आणि त्यासाठी त्याने नेमका तो दिवस निवडला होता.

पुढे रीतसर शोकसभा झाली. व्यासपीठाच्या मागे वसंताचा मोठा फोटो होता आणि शेजारी पेंटरने आपल्या अकलेने एक दुर्बीण रंगवली होती. नाटकातला किल्लेदार एक डोळा मिटून शत्रूची फौज बघतो, तसली. तसल्या दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे बघाल तर तो डोळा तिथेच ठेवून याल, हे सांगण्यात वसंताचा जन्म गेला, आणि त्याला निरोप द्यायला तीच दुर्बीण आली. पहिल्या वक्त्याने त्याला सूर्यपुत्र म्हटलं. दुसऱ्याने सूर्योपासक म्हटलं, बहुधा पहिल्याशी नातं जुळू नये म्हणून. तिसरा वक्ता वसंताचा विद्यार्थी. वसंताने त्याला दोनदा नापास केलं होतं आणि त्यामुळेच की काय तो पुढे बराच मोठा झाला. त्याने सांगितलं की गहाणे सरांनी पन्नासच्या दशकात, केवळ विज्ञानाच्या बळावर, गडचिरोलीच्या जंगलातला एक अख्खा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचं गाव वाचवलं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे लोकांना उशिरा आठवलं आणि त्या मधेच विरल्या. मग मला बोलायला सांगितलं. मी दोन वाक्यं बोललो आणि बसलो. डोंगराची ती गोष्ट खरी की खोटी, हे मला आजही ठाऊक नाही. आणि अडचण अशी की त्या वेळी मी तिथे होतो.

तेव्हा जिल्हा चांदा होता आणि गडचिरोली ही त्याची एक तहसील. धानोऱ्याच्या पुढे सडक संपायची, मग बैलगाडीची वाट, आणि त्या वाटेवर बऱ्याच आत एका गावात मी शाळामास्तर होतो. तळ्याकाठचं गाव. धानाची शेती करणारी घरं, तळ्यात मासे धरणारी धीवरांची घरं, थोडी गोंडांची, आणि पाठीशी एक लांबट, काळपट डोंगर. डोंगराच्या माथ्यावर गावाच्या देवाची जागा. त्या काळात आम्ही एका सकाळी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. शाळेवरची पाटी बदलायला दोन साहेब येऊन गेले. गळकं छप्पर मात्र कोणत्याच राज्याने आपलं मानलं नाही. अशा गावात वसंत गहाणे तीन बैलगाड्या भरून लाकडी खोकी घेऊन आला. वसंत सावली गावचा. नागपूरला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहत होतो. मी पुस्तकं वाचायचो आणि तो ती परत नेऊन द्यायचा, अशी आमची मैत्री. गाडीवरून उतरल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते असं : "मास्तर, इथे कुठे लोखंड आहे का?"

तो आला होता सूर्यासाठी. त्या वर्षी जगभरच्या शास्त्रज्ञांनी एकाच वेळी सूर्याकडे बघायचं ठरवलं होतं, कारण सूर्य तेव्हा भलताच डागाळला होता. वसंताने मला समजावलं की हे डाग म्हणजे चुंबकाच्या गाठी. दूरच्या मोठ्या वेधशाळांत सूर्याचा प्रकाश फोडून त्याचा रंगीत पट्टा पाडतात, त्या पट्ट्यात काळ्या रेघा असतात, आणि डागाचा प्रकाश घेतला की एकेक रेघ चिरून तिच्या दोन-तीन होतात. त्या किती फाकल्या यावरून तिथलं चुंबकत्व कळतं. आमच्या वाट्याला तेवढं राजेशाही यंत्र नव्हतं. एक पितळी दुर्बीण होती. तिच्यातून सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायचं आणि डाग पेन्सिलीने टिपायचे. आणि दुसरं यंत्र होतं ते म्हणजे केसासारख्या बारीक धाग्याला टांगलेला एक छोटा चुंबक, त्याला चिकटवलेला नखाएवढा आरसा, आणि त्या आरशातून मोजपट्टी वाचायला एक लहानशी दुर्बीण. सूर्यावर एखादी गाठ फुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इथला चुंबक थरथरतो. वसंत त्याला 'सुई' म्हणायचा. म्हणजे एका दुर्बिणीतून सूर्याने काय केलं ते बघायचं आणि दुसरीतून पृथ्वीला ते कळलं का ते बघायचं. रेल्वे, वीज, लोखंडी पूल यांपासून जितकं दूर तितकं चांगलं. सरकारने आमच्या भागाला या सगळ्यांपासून इतकं दूर ठेवलं होतं त्याचा पहिला उपयोग हा झाला.

गावाला यातलं काही पटलं नाही. दिवसभर सूर्याकडे बघायचा कोणी पगार देतो, यावर विश्वास ठेवायला गाव इतकं भोळं नव्हतं. आधी वाटलं, मोहाच्या भट्टीचा धूर कुठून निघतो ते बघायला आला. म्हणून दोन आठवडे गावात भट्ट्या बंद राहिल्या आणि गावाची तब्येत सुधारली. मग वाटलं, गुप्तधन शोधायला आला. जंगलच्या नाकेदाराला वाटलं, हा आपल्यावरच नजर ठेवायला पाठवलेला आहे, आणि त्याच्या मनात असं का आलं ते सगळ्या गावाला माहीत होतं. शेवटी वसंताने सगळ्यांना बोलावून पुठ्ठ्यावर सूर्य दाखवला. ताटलीएवढं बिंब, त्यावर काळे ठिपके. गावचे पाटील महागूभाऊ बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे देवाले बी डाग हायेत. मंग आमाले काऊन बोलते लोकं?" जनाबाई पुढे झाली. ही धीवरांची म्हातारी, तळ्यातले मासे विकायची आणि वसंताचा स्वयंपाकही करायची. तिने बिंबावरून मायेने बोट फिरवलं आणि विचारलं, याले लहानपनी माता निघाली होती का. सूर्याला देवीचे व्रण आहेत ही उपपत्ती मला शास्त्रज्ञांच्या उपपत्तीपेक्षा अधिक समजली, असं मी वसंताला सांगितलं. तो हसला नाही. तो अशा वेळी हसायचा नाही.

खरा संशय सुरू झाला तो सुईच्या झोपडीपासून. तिच्यात खिळा चालत नव्हता. सागाच्या फळ्या, बांबू, लाकडी मेखा, दोर, आणि डोंगराकडे तोंड असलेल्या दाराला पितळी बिजागऱ्या. झोपडीपासून बऱ्याच अलीकडे एक मोहाचं झाड होतं. त्याच्या पुढे लोखंड न्यायचं नाही, असा वसंताचा नियम. आता त्या गावात खांद्यावर कुऱ्हाड नसलेला माणूस म्हणजे एक तर आजारी किंवा मास्तर. सकाळी कामावर आलेल्या माणसांच्या कुऱ्हाडी, विळे, कडी, चाव्या यांचा त्या झाडाखाली ढीग पडायचा. महागूभाऊंना छत्रीसुद्धा ठेवावी लागली, तारांमुळे. पाटलाने भर उन्हात छत्री खाली ठेवली हे गावाने प्रथमच बघितलं. आणि लोक विचार करू लागले. जी सुई छत्रीच्या तारेला घाबरते तिला लोखंडाचा वास येत असणार. आणि गावाला माहीत होतं की डोंगरात लोखंड आहे. त्यांच्या आज्यांच्या काळी तिथला काळा, जड दगड भट्टीत वितळवून फाळ आणि कुऱ्हाडी करत. पुढे बाजारात आयतं लोखंड आलं, भट्ट्या विझल्या आणि दगड विसरला गेला. तो विसरलेलाच बरा, असं गावाचं मत होतं. दगडाची आठवण सरकारला झाली की आधी मोजणी येते, मग खड्डे येतात, मग डोंगर जातो आणि त्याच्या मागोमाग गाव. कोरपन्याकडे चुनखडीचा दगड सिमेंटच्या उपयोगाचा निघाल्यावर काय झालं ते आपण सगळे बघतोच आहोत. या लोकांना ते आधीच दिसलं होतं.

म्हणून महागूभाऊंनी त्याच्याकडून शपथ मागितली. तळ्याच्या पाळीवर गाव बसलं आणि वसंताने तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन सांगितलं की मी सूर्य बघायला आलो, सूर्यच बघीन, डोंगराच्या वाटेला जाणार नाही. भौतिकशास्त्राचा पदवीधर ओंजळीत पाणी घेऊन उभा आहे, हे दृश्य मला तेव्हा गमतीचं वाटलं. वसंताला वाटलं नाही. तो शब्द जपून वापरायचा. एकदा चार दिवस आभाळ भरलेलं होतं आणि कागदावर नुसती वर्तुळं पडत होती, तेव्हा मी सहज म्हटलं, कालच्या डागांना थोडं पुढे सरकव की, सूर्य फिरतोच आहे, कोण बघायला येतं? त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. तिसऱ्या दिवशी बोलला ते एवढंच : "जे दिसलं नाही ते लिहिलं, तर मग जे दिसलं तेही खोटं होतं रे." असा तो माणूस. हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

झोपडी उभी राहिली, पावसाळा गेला, धान कापणीला आलं, आणि सुई पहिल्या दिवसापासून जशी वागत होती तशीच वागत राहिली. म्हणजे चुकीची. ती थरथरायची तेव्हा बरोबर थरथरायची. पण स्थिर असताना जिकडे तोंड करायला हवं होतं तिकडे करत नव्हती. थोडी डोंगराकडे कललेली. वसंताने झोपडीभोवतीची सगळी जमीन हुडकली. काही सापडलं नाही. आणि मग दर तिमाहीला पाठवायच्या अहवालात, आसपास लोखंड आहे का या ठरीव प्रश्नापुढे, त्याने उत्तर लिहिलं : आसपास नाही, समोरच्या डोंगरात असावं. अहवाल पाठवून झाल्यावर त्याने मला हे सांगितलं. मी म्हटलं, वसंता, तू पाणी हातात घेतलं होतंस. तो म्हणाला, "मी डोंगराबद्दल कोणाला विचारलं नाही. सुईने दाखवलं ते लिहिलं." मग हळूच म्हणाला, "चूक झाली का रे?" आयुष्यभर बोलत आलेल्या माणसाला नेमकं अशा वेळी काही सुचत नाही.

सरकारी कागद एरवी वर्षभर झोपतात. हा जागा राहिला. सुईचा अहवाल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला आणि एक मोठे साहेब डोंगर बघायला येणार अशी वर्दी आली. ती आणली नाकेदाराने, आणि आनंदाने आणली. त्या दिवसापासून वसंताला गावात दूध मिळेना. त्याच्या पुढ्यात कोणी बोलेना. महागूभाऊंनी मला शाळेच्या ओसरीवर गाठलं. आवाज चढवला नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. "मास्तर, तुमचा दोस्त सूर्य पाहाले आला होता ना? मंग सूर्य का डोंगरात घुसला का?" एकट्या जनाबाईने त्याचा भात बंद केला नाही. तिला मी कारण विचारलं तर म्हणाली, उपाशी मानूस अजून खोटा बोलते.

साहेब आले ते थाटात. जीप जिथपर्यंत येऊ शकत होती तिथपर्यंत जीप, पुढे पालखीसारखी सजवलेली बैलांची दमणी. बरोबर टेबल, टेबलावर घालायची चादर, खुर्ची, आणि खुर्ची मागे-पुढे करायला एक माणूस. हार गावाने घालायचे होते. ते नाकेदाराने आणले. मोहाच्या झाडापाशी वसंताने हात जोडून सांगितलं की इथून पुढे लोखंड चालत नाही. साहेबांच्या बुटांना नाल होते, पट्ट्याला बक्कल होतं, खिशात चाव्या आणि चाकू होता. हे सगळं उतरवून एका हाताने विजार सावरत साहेब शेणाने सारवलेल्या जमिनीवर अनवाणी चालू लागले, तेव्हा गाव गंभीर चेहऱ्याने बघत होतं, म्हणजे फार हसत होतं. साहेब बूट उतरवल्यावर किती उरतो याचाही एखादा वेध घ्यायला हवा, असं माझ्या मनात आलं. झोपडीत एका वेळी दोनच माणसं मावत. साहेबांनी लहान दुर्बिणीला डोळा लावला, "हं" म्हणाले, बाहेर आले. काय बघायचं ते त्यांना कळलं नव्हतं याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. मग मोहाखाली येऊन त्यांनी बूट घातले, पट्टा बांधला, पुन्हा साहेब झाले, आणि हातातली छडी डोंगराकडे करून बरोबरच्या माणसांना म्हणाले की उद्यापासून तिथे खड्डे घ्यायचे.

महागूभाऊ जमिनीकडे बघत होते. वसंत साहेबांच्या मागे उभा होता, आणि त्याचा चेहरा सारवलेल्या जमिनीच्या रंगाचा झाला होता. तेवढ्यात डोक्यावरची माशांची टोपली खाली ठेवून जनाबाई पुढे आली.

"साहेब, डोंगर काऊन खोदता? लोखंड तं इथी हाय."

साहेबांनी विचारलं, ही काय म्हणते. महागूभाऊंनी तेच वाक्य जरा मोठ्याने पुन्हा म्हटलं.

"फाळ हाय," जनाबाई म्हणाली. "झोपडीच्या उंबऱ्याखाली. म्याच पुरला. पोरगा एकटा राह्यते, दिवसभर आगीच्या गोळ्याकडे पाह्यते, आन घरात लोखंडाचा तुकडा नाई. भूतप्रेत आत याले वेळ लागते का? बिनलोखंडाचं घर कोनाचं असते का, तुमीच सांगा."

नव्या घराच्या उंबऱ्याखाली लोखंड पुरायची रीत त्या भागात आहे, यात खोटं काही नाही. माझ्या खोलीच्या उंबऱ्याखालीही घोड्याचा नाल होता. साहेब वसंताकडे वळले आणि म्हणाले, हे तुम्हाला माहीत नव्हतं? वसंत म्हणाला, नाही. मी त्याच्याकडे टक लावून बघत होतो. त्याला तो धक्का होता की सुटका, हे मला त्याच्या चेहऱ्यावर वाचता आलं नाही, आणि त्याच्याबरोबर मी एका खोलीत चार वर्षं काढली होती.

कुदळ पुढे न्यायची नव्हती म्हणून बांबूच्या टोकाने उंबरा उचकटला. खाली हातभर लांब, टोकाला झिजलेला नांगराचा फाळ निघाला. दोघांनी तो एखाद्या मेलेल्या सापासारखा लांब धरून मोहाच्या पलीकडे नेला. आता सुई जागेवर आली का ते बघायचं होतं. आली तर डोंगर निर्दोष. नाही आली, तर फाळ काढूनही लोखंड डोंगरातच, म्हणजे खड्डे. सुई हेलकावे खात होती, ती शांत होईपर्यंत सगळे थांबले. मग वसंत एकटा आत गेला. साहेब गेले नाहीत. त्यांना पुन्हा बूट काढावे लागले असते. माझी अशी समजूत आहे की त्या गावाचा सगळा निकाल त्या बुटांनी लावला. वसंत आत बराच वेळ होता, पट्टी वाचायला लागतो त्याहून जास्त. बाहेर आला. कोणाकडेही न बघता म्हणाला, "आली. जागेवर आली."

साहेबांनी विचारलं, "पूर्ण?"

वसंत थोडा थांबला. "पूर्ण."

संध्याकाळच्या आत दमणी परत गेली. टेबलावरची चादर नाकेदाराकडे राहिली. रात्री कुठल्या तरी बंद झालेल्या मोहाच्या भट्टीला गावात पुन्हा कंठ फुटला.

माझा संशय दुसऱ्या दिवशी सुरू झाला, आणि तो आजवर संपलेला नाही. फाळ मोहाखाली तसाच पडला होता. मी तो उचलून बघितला. झोपडी पावसाळ्याच्या आधी बांधली होती. तळ्याजवळच्या ओल्या मातीत अख्खा पावसाळा राहिलेल्या लोखंडाचे पापुद्रे सुटायला हवेत; याच्यावर नुसती तांबूस झाक होती, जणू आठवड्यापूर्वीच कुणी पुरला. उंबऱ्याजवळची माती ओली, ताजी होती. पण जनाबाई तिथे दर चार दिवसांनी सारवायची, तेव्हा ती ताजी असणारच. महागूभाऊंच्या अंगणात नांगर उभा होता आणि त्याला फाळ नव्हता. पण धान कापून झालं की फाळ काढून लोहाराकडे पाजवायला जातोच. प्रत्येक संशयाला गावाकडे एक साधं, शेतकरी उत्तर होतं. फाळ पहिल्यापासून तिथे असला, तर वसंत खरं बोलला आणि जनाबाईच्या मायेने आधी डोंगर अडचणीत आणला, मग सोडवला. फाळ साहेबांच्या आदल्या आठवड्यात तिथे गेला असला, तर तो काढल्याने सुई तसूभरही जागेवर येणार नव्हती. मग आत उभा राहून वसंताने जे बघितलं ते, आणि बाहेर येऊन जे सांगितलं ते... मी जनाबाईला विचारलं. ती म्हणाली, तुमी मास्तर हाव ना, पोरायचे धडे पाहा.

वसंताचं वेधकेंद्र त्यानंतर फार दिवस चाललं नाही. अंधश्रद्धेने ग्रासलेली जागा शास्त्रीय कामाला योग्य नाही, असा शेरा आला आणि खोकी पुन्हा बैलगाड्यांवर चढली. उरलेल्या दिवसांत वसंताने काय नोंदलं ते मी बघितलं नाही. ज्यांनी बघायला हवं होतं त्यांनीही बघितलं नसणार, सरकारी कागदांवर माझा तेवढा विश्वास आहे. वसंताने ती नोकरी सोडली. बढती समोर दिसत असताना सोडली. चंद्रपूरला येऊन तो कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागला, आणि पोरांना पुठ्ठ्यावर सूर्य दाखवणं त्याने शेवटपर्यंत चालू ठेवलं. पण प्रयोगशाळेत सुईचा, काट्याचा कोणताही प्रयोग असला की तो बाजूला उभा राहायचा. "तुम्ही वाचा, मी लिहितो," म्हणायचा. विद्यार्थ्यांना वाटायचं, सरांना आमच्यावर विश्वास टाकायचा आहे. आजही ते भाषणात तसं सांगतात. सुनंदा मला परवा सांगत होती की बाजारातही बाबा तराजूच्या काट्याकडे कधी बघायचे नाहीत, तोंड फिरवून उभे राहायचे. सगळ्या भाजीवाल्यांना ते माहीत होतं. बाबांनी आयुष्यभर किलोच्या पैशात घरात पाऊण किलो वांगी आणली आणि आई आयुष्यभर भांडली. एक माणूस तीस-पस्तीस वर्षं काट्याकडे बघायचं टाळतो, याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे. तो चूकही असेल.

शेवटचा भेटलो तो दवाखान्यात. त्याचा आवाज बसला होता पण डोकं स्वच्छ होतं. इतर विषय संपले. मी म्हटलं, वसंता, आता तरी सांग, फाळ आधीपासून होता का? त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग न हसणारा हा माणूस थोडासा हसला आणि गावाच्या बोलीत म्हणाला, "तुले काऊन पाह्यजे आता?" मी म्हटलं, मला संशय मनात घेऊन मरायचं नाही. तो म्हणाला, "मास्तर, सुईचं सोड. डोंगर जागेवर आहे ना?"

मी म्हटलं, आहे.

"मग झालं."

हा मजकूर वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवल्यावर संपादकांचा फोन आला. भले गृहस्थ आहेत, वाचतात. म्हणाले, गुरुजी, सगळं आलं, पण गावाचं नाव कुठे नाही, डोंगराचंही नाही. नावं दिलीत तर शेजारी एक नकाशा टाकता येईल, हल्ली त्या भागाबद्दल लोकांना फार उत्सुकता आहे. ही उत्सुकता कोणत्या लोकांना आहे ते मलाही माहीत आहे. मी म्हटलं, वय झालं, नाव आठवत नाही. ते म्हणाले, फाळावरचा गंज आठवतो आणि गावाचं नाव आठवत नाही? संपादकाने असं संशयी असायलाच हवं. मी थोडा वेळ फोन कानाला धरून उभा राहिलो.

"पूर्ण विसरलात?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण," मी म्हटलं.